झोपलेल्या माणसाच्या दारात आलेली सहल

अन्याय माझ्या थोरल्या भावावर झाला. यंदाच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, भोसरीच्या मागच्या अंगाला असलेल्या पत्र्याच्या चाळीत, आमच्या खोलीच्या दारात. तो रात्रपाळी करून आला होता, आणि डोळा लागून जेमतेम दीड तास झाला होता. ज्यांनी त्याला उठवलं ते पुण्याहून आले होते, त्यांच्या अंगावर सुती कपडे होते आणि त्यांचा हेतू फार चांगला होता. हेतूचं मी आधीच लिहून टाकते, कारण त्यांच्याकडून नंतर तेवढंच ऐकायला मिळतं.

त्या उठवण्यामुळे भावाची नोकरी गेली. ती अजून परत मिळालेली नाही. ती मिळावी म्हणून मी हे लिहिते आहे, कुणाला आमच्या चाळीचं दर्शन घडावं म्हणून नाही. ते दर्शन पुरेसं घडून गेलं आहे.

मी कंत्राटी कामगारांच्या एका लहान संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते आणि गेटावर वाटते. आम्ही मूळचे बीडकडचे. दादा आधी आला, मी बारावीनंतर त्याच्या मागे आले. हे शहर मी गेटांवरून शिकले. कुठल्या कंपनीचा वॉचमन पत्रक बघून तोंड फिरवतो आणि कुठला शिट्टी फुंकतो, कुठल्या टपरीवर पाळी सुटल्यावर माणसं थांबतात आणि कुठल्या टपरीचा मालक सुपरवायझरचा मेहुणा आहे, हे मला सांगता येतं. पत्रक गेटासमोर वाटायचं नसतं हेही मी इथेच शिकले. गेटासमोर घेतलेलं पत्रक माणूस वॉचमनच्या डोळ्यांदेखत चुरगळून टाकतो, त्याला तसं करावंच लागतं. रस्ता वळला की तिथे द्यायचं, म्हणजे ते घडी होऊन खिशात जातं. यात मोठेपणा काही नाही. चार वर्षं उन्हात उभं राहिलं की कुणालाही कळेल. पण चार वर्षं उभं राहावं लागतं, एका सकाळच्या तिकिटावर ते मिळत नाही.

तर ही सहल. पुण्यातला एक दाढीवाला तरुण अशा सहली काढतो. त्याची जाहिरात मी नंतर पाहिली. शनिवारवाडा आणि लेणी बघून कंटाळलेल्या लोकांना तो 'पर्यटक जात नाहीत ते शहर' दाखवतो, आणि तेही तिथल्याच माणसासारखं. पिंपरी-चिंचवडची सहल त्याने नवीन काढली होती. पहाटे चाकणचा कांदा बाजार, मग 'कामगारांचं खरं जगणं', मग कुठल्या तरी टपरीवर वडापाव, आणि शेवटी देहूला इंद्रायणीकाठी बसून मन शांत करणं. मन कशानं अशांत होणार होतं ते लिहिलेलं नव्हतं.

वार त्याने रविवार निवडला. कामगार रविवारी निवांत घरी असतील, बायकामुलांत रमलेले असतील, गप्पा मारतील, असा त्याचा हिशोब. इथल्याच माणसासारखं शहर दाखवणाऱ्या या गृहस्थाला हे माहीत नव्हतं की आमच्या भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. आमचा न्हाव्याकडचा दिवस गुरुवार, मटणाचा गुरुवार, मुलगी बघायला जायचा गुरुवार. पोरांच्या शाळेला रविवारी सुट्टी आणि बापाला गुरुवारी, त्यामुळे आमच्याकडे कितीतरी पोरांना बाप सलग दिवसभर दिसतो तो दिवाळीत. रविवारी या पट्ट्यात मशीन चालू असतं. रविवारी सकाळी साडेदहाला घरात जो पुरुष सापडतो तो एक तर आजारी असतो नाही तर रात्रपाळीचा असतो. हे कळायला संशोधन लागत नाही. रविवारी एकदा भोसरीतून बस पकडून बघावी.

चाकणलाही त्यांची तीच गत झाली असणार. मोठा बाजार शनिवारीच उरकलेला. सहलीचा जो व्हिडिओ त्यांनी नंतर टाकला त्यात ती मंडळी रिकाम्या शेडमध्ये कांद्याच्या सालींचे फोटो काढताना दिसतात. एक बाई म्हणते, टेक्स्चर किती सुंदर आहे.

आता आमच्या चाळीची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. आमची चाळ म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी आणि मधे बोळ. चपला-बूट आम्ही बाहेर ठेवत नाही, चोरीला जातात. कंपनीचे सेफ्टी शूज तर नाहीच, ते वर्षातून एकदा मिळतात. म्हणून जाग्या माणसाचे बूट घरात असतात. फक्त रात्रपाळी करून आलेला माणूस आपले बूट दाराबाहेर काढतो, त्यात मोजे कोंबतो आणि बुटांची तोंडं बोळाकडे करून ठेवतो. याचा अर्थ, आत माणूस झोपलाय. मग त्या बुटांवर सगळ्यांची नजर असते, म्हणून ते चोरीलाही जात नाहीत. शेजारच्या बायका कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करतात. भाजीवाला आमच्या बोळात शिरला की आरोळी गिळतो आणि नुसता गाडा ढकलत जातो. लहान पोरंसुद्धा बूट दिसले की चेंडू घेऊन मागच्या बाजूला पळतात. ही रीत कुणी ठरवली माहीत नाही. पत्र्याखाली, उन्हाळ्यात, दिवसा झोपणं किती अवघड असतं हे ज्याला ज्याला भोगावं लागलं त्या सगळ्यांनी मिळून ठरवली असेल.

त्या रविवारी मी दळण आणायला गेले होते. गुरुवारनंतर पाळी बदलते, त्यामुळे दादाची ती रात्रपाळीची दुसरीच रात्र होऊन गेली होती. पाळी बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. अंगाला अजून कळलेलं नसतं की आता रात्र कुठली आणि दिवस कुठला. मी निघाले तेव्हा दादाचे बूट दारात होते आणि तो घोरत होता.

मी नसताना जे झालं ते समोरच्या काकूंनी सांगितलं. या काकू चिपळूणच्या, तोंडाने फटकळ. सहल आत आली ती मालकांच्या बोटाला धरून. आमचे मालक इथल्या जुन्या शेतकरी घरातले. चाळ उभी आहे त्या जागी त्यांच्या आईची ज्वारी असायची. आयुष्यभर त्यांच्याकडे पाहुणे आले ते जमीन मागायला. नुसतं बघायला कुणी आलं नव्हतं, त्यामुळे ते हरखले. त्यांनी ज्वारी कुठे होती ते दाखवलं, विहीर कुठे बुजवली ते दाखवलं, आणि दाढीवाल्याने ते सगळं आपल्या भाषेत पुन्हा समजावून सांगितलं, मालकांच्या समोर, जणू मालक तिथे नव्हतेच.

मग दाढीवाल्याला दादाचे बूट दिसले. तो मंडळींना म्हणाला म्हणे, की बघा, दारात बूट आहेत, म्हणजे माणूस घरात आहे, आपण थेट बोलू शकतो. काकूंनी ओठांवर बोट ठेवून हात जोडले. त्याने मान डोलावली, मागच्या लोकांना हळू बोलायला सांगितलं, आणि कडी वाजवली. हळूच वाजवली, असं तो नंतर मला म्हणाला.

मी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बोळात शिरले तर आमच्या दारात ही गर्दी. सगळ्यांच्या पायात स्वच्छ, रंगीत बूट. दादा दारात उभा. बनियनवर घाईघाईत शर्ट चढवलेला, बटणं चुकलेली, डोळे लालभडक. आणि तो हसत होता. मला बघून म्हणाला, "चहा ठेव गं, पाहुणे आलेत."

मला अजून ते हसणं सहन होत नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी चहा ठेवला नाही. काकूंनी ठेवला, आणि भांडी अशी आपटली की कुणालाही कळावं. त्या मंडळींना कळलं नाही, त्यांनी त्याला चाळीचा जिवंतपणा मानलं. प्रश्न सुरू झाले. गाव आठवतं का. शहराने काय दिलं. मशीनचा आवाज स्वप्नात येतो का. स्वप्न पडायला झोप लागावी लागते, हे कुणाच्या मनात आलं नाही. दादा प्रत्येकाला उत्तर देत होता, अहो-जाहो करून, भिंतीला खांदा टेकवून. शेवटी एक बाई, गळ्यात मोठे लाकडी मणी घातलेली, म्हणाली, "दादा, या सगळ्या शहरात तुमचं सगळ्यात आवडतं ठिकाण कुठलं?"

दादा म्हणाला, "अंथरूण."

सगळे हसले. टाळ्यासुद्धा झाल्या. दाढीवाला म्हणाला, काय बोललात, व्वा. बाईंनी ते लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं. माझा भाऊ त्यांना सांगत होता की मला जाऊ द्या, आणि त्यांना वाटलं हा मोठा विनोदी माणूस आहे.

मी डबा खाली ठेवला आणि दाढीवाल्याला म्हटलं की हे रात्रपाळीचे आहेत, तुम्ही निघा. तो जराही चिडला नाही. असल्या माणसांना चिडायचंही येत नाही.

"आम्ही टुरिस्ट नाही आहोत हो ताई," तो म्हणाला. "आम्ही इथल्या लोकांसारखं शहर अनुभवतो."

"इथले लोक आत्ता झोपलेत," मी म्हटलं. "तुम्हीही झोपा."

त्याने मला सांगितलं की माझा राग तो समजू शकतो, आणि असा राग हासुद्धा शहराचा एक आवाज आहे. हे म्हणताना त्याच्या मागे एक जण मोबाइल धरून माझा राग टिपत होता. तेवढ्यात मालक पुढे आले आणि मलाच दटावू लागले.

"आगं, लांबून आल्यात मानसं. आपलं बघाया आजपत्तुर कोन आलंय का?"

मी त्यांना विचारलं की तुमच्या घरी दुपारी जेवून पडल्यावर असा घोळका आणू का. मालक म्हणाले, "आन की. मी काय न्हाई म्हंतो व्हय?" आणि खरंच आणला असता तर त्यांनी सगळ्यांना बसवून ताक पाजलं असतं. त्या माणसाशी भांडण पुढे जात नाही.

मंडळी गेली ती साडेअकरानंतर. जाताना एकाने दादाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. तोवर पत्रा तापला होता. दादाने ओली चादर अंगावर घेऊन पाहिली, पंख्याखाली डोकं करून पाहिलं, मग उठून बसला. मी विचारलं, तू सांगितलं का नाहीस त्यांना. तो म्हणाला, "दारात आलेल्या माणसाला, मी झोपलो होतो, असं कसं म्हनावं?"

आमच्या गावाकडे खरंच म्हणत नाहीत. आलेल्या माणसाला ओशाळं वाटेल असं काही बोलायचं नाही. ही शिकवण घेऊन माझा भाऊ या शहरात आला, आणि त्याच शिकवणीवर त्या लोकांनी तासभर चहा प्यायला.

त्या रात्री तो कामावर गेला. पत्रा दाबणाऱ्या प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलायचं काम चालू होतं, मशीन बंद होतं, तो शेजारच्या पेटीवर टेकला आणि त्याचा डोळा लागला. सुपरवायझरने हाक मारायच्या आधी फोटो काढला. हल्ली आधी फोटो काढतात. मशीन बंद होतं म्हणून हात वाचले असं मला भेटलेला प्रत्येक माणूस सांगतो, जणू मी देवाला नारळ फोडायला हवा.

कायम कामगार असता तर नोटीस आली असती, चौकशी झाली असती, आम्ही उत्तर दिलं असतं. कंत्राटी कामगाराला एवढं काही लागत नाही. सोमवारी संध्याकाळी दादा गेटावर गेला, हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला आणि मशीनने तो घेतला नाही. पुन्हा ठेवला, शर्टाला पुसून ठेवला. मागे रांग खोळंबली. वॉचमन ओळखीचा होता. तो दादाकडे न बघता म्हणाला, "भावा, ठेकेदाराला भेट." एवढ्यावर सहा वर्षांची नोकरी संपली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर देवांचे फोटो. ठेकेदार वाईट बोलत नाही, तो दमलेला माणूस आहे असं तो स्वतःच सांगतो. मी त्याला सांगितलं की दादाला त्या दिवशी झोप मिळाली नाही, लोकांनी दारात येऊन उठवलं, सहा वर्षांत त्याच्याबद्दल एक तक्रार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग आपला मोबाइल माझ्यासमोर धरला.

त्या सहलीचा व्हिडिओ होता. कंपनीत दादाच्या लाइनवरच्या कुणीतरी गंमत म्हणून ग्रुपवर टाकलेला. खाली बासरी वाजत होती. आधी कांद्याच्या साली, मग आमचा बोळ, मग दादा, हातात चहाचा ग्लास, हसतोय, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'अंथरूण'. भोवती टाळ्या. एका कडेला मी पाठमोरी, डब्यासकट. माझा राग मात्र कापून टाकला होता. तो शहराचा आवाज त्यांना पुढे चालला नसावा.

"यात हा झोपलेला दिसतो का ताई?" ठेकेदार म्हणाला. "सकाळी अकराला मैफल भरवायची आणि रात्री माझ्या मशीनवर पेंगायचं. कंपनीने मला हाच व्हिडिओ पाठवलाय. मी काय दाखवू त्यांना?"

मी चार वर्षं पत्रकं लिहितेय. ठेकेदाराला काय म्हणायचं, कायदा कुठला सांगायचा, मला पाठ आहे. त्यातलं काहीच त्या बासरीपुढे टिकणारं नव्हतं. दादा तर त्या व्हिडिओकडे बघतच राहिला. स्वतःला एवढं मोठं त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. मग ठेकेदार उठता उठता म्हणाला की त्या लोकांपैकी कुणी येऊन माझ्यासमोर सांगितलं की आम्ही या माणसाला झोपेतून उठवलं, तर मी कंपनीत शब्द टाकतो. "तुमचं नाही ऐकणार ते," तो म्हणाला, "त्यांचं ऐकतील."

हे मात्र खरं बोलला.

मी दाढीवाल्याला फोन केला. त्याला वाईट वाटलं. त्याला फार वाईट वाटलं, हे त्याने तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. येऊन सांगण्याबद्दल विचारलं तेव्हा तो अडखळला. दादांनी स्वतःच तर आत बोलावलं, चहा दिला, ते झोपले होते असं म्हणालेच नाहीत, मग उठवलं हा शब्द जरा कठोर नाही का. शिवाय तसं कुठे लिहिलं गेलं तर सहलींवर परिणाम होईल, आणि या सहलींमुळेच तर लोकांना कामगारांबद्दल आस्था वाटते. त्याऐवजी त्याच्याकडे एक कल्पना होती. दादानेच पुढची सहल न्यावी. इथलाच माणूस, इथलं शहर. लोकांना आवडेल.

मी ते दादाला जसंच्या तसं सांगितलं. तो मजूर अड्ड्यावरून नुकताच आला होता. आता तो तिथे उभा राहतो, कधी टेम्पो भरायला कुणी नेतं, कधी नेत नाही. त्याने विचारलं, कुठं न्यायची म्हणे सहल. मी म्हटलं, आपल्याच बोळात. तो बराच वेळ हसला. या वेळी खरं हसला. मग म्हणाला, "कामून भांडायलीस त्याच्याशी? त्याला काय कळायलंय." आणि पाय धुवायला गेला.

दादा असं म्हणू शकतो. मी म्हणणार नाही. त्यांना कळत नाही असं मी चार महिने ऐकतेय, मालकांकडून, काकूंकडून, संघटनेतल्या वडीलधाऱ्यांकडूनसुद्धा. कांद्याच्या सालीतलं सौंदर्य ज्याला कळतं त्याला लालभडक डोळे दिसत नाहीत, हे मला पटत नाही. दिसले होते. त्या व्हिडिओत कुणीतरी रंग असे फिरवले आहेत की दादाचे डोळे लाल दिसत नाहीत. कुणीतरी ते बघितलं आणि दुरुस्त केलं.

पुस्तकं विकत घेऊन वाचणारी माणसं आणि अशा सहलींना जाणारी माणसं वेगळी नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हे पत्रकात न लिहिता इथे लिहिलं. पत्रक तुमच्यापर्यंत येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या रविवारी आमच्या बोळात होतं. कुणी नव्हतं, पण जे होतं त्याच्याबरोबर रोज जेवतं. कुणी तो व्हिडिओ पाहिला, त्यावर बोट दाबलं आणि पुढे गेलं. मला तुमची आस्था नको, दिलगिरी नको, दादासाठी काही गोळाही करू नका. तुम्ही त्या दिवशी होता तर स्वतः या. नव्हता तर जो होता त्याला आज फोन करा आणि घेऊन या. मी भोसरीच्या बस थांब्यावर येऊन तुम्हाला ठेकेदाराच्या ऑफिसापर्यंत नेईन. त्याच्यासमोर उभं राहून, बसायला खुर्ची दिली तरी न बसता, एवढं म्हणा: हा माणूस झोपला होता, आम्ही त्याला उठवलं.